लंडन खरंच नऊ तासांवर आहे का?

"तुमची लेक कुठे असते हल्ली?" या प्रश्नाला "लंडनला" असे उत्तर दिले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "किती तास लागतात हो?" आणि त्यावर आपलेही उत्तर ठरलेले असते. "फार नाही, नऊ-दहा तास. जग किती जवळ आलंय आता!"

हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ते नऊ-दहा तास विमानाचे असतात, आपले नसतात. आपण साताऱ्याच्या, सांगलीच्या किंवा जळगावच्या घराला कुलूप लावून निघतो आणि लेकीच्या दारात चपला काढतो, तेवढ्या वेळाचा हिशेब निराळाच असतो. एरवी या फरकाने काही बिघडत नाही. पण लेकीचे बाळंतपण, कुणाचे मोठे आजारपण किंवा त्याहूनही कठीण प्रसंग दाराशी आला, की याच हिशेबावर घरातले निर्णय घ्यावे लागतात. मग तो आधीच नीट मांडून ठेवलेला काय वाईट? शिधा भरताना आपण मापे काढतो, तशीच ही मापे. मुंबई-लंडन हा आपल्या पुष्कळ घरांच्या ओळखीचा मार्ग, म्हणून तोच समोर ठेवू या.

नकाशा फसवतो, पृथ्वीचा गोल नाही

मुंबईचा विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यामधले सर्वांत जवळचे अंतर आहे सुमारे ७,२०० किलोमीटर. लेक मैलांत बोलत असेल, तर जवळजवळ साडेचार हजार मैल.

हे अंतर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजता येत नाही. पृथ्वी वाटोळी, नकाशा सपाट. पुरी लाटून चौकोनी करायला गेले की कडा ओढल्या जातात, तसेच नकाशाचे होते. मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीचा गोल घरात असेल तर तो घ्या आणि शिवणाच्या डब्यातला दोरा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर, दुसरे लंडनवर धरून दोरा ताणा. तो बलुचिस्तान, इराण, कास्पियन समुद्र, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेन, जर्मनी असा वर चढत जाईल. हाच सर्वांत जवळचा मार्ग.

मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून पाहिलात तर आणखी नवल वाटेल. अमेरिका 'पश्चिमेला' आहे असे आपण शाळेत शिकलो, पण दोरा नॉर्वे-स्वीडन ओलांडून आइसलँडजवळून जातो. ते अंतर आहे सुमारे साडेबारा हजार किलोमीटर.

आता विमानाचा वेग साधारण ताशी नऊशे किलोमीटर धरला, तर लंडनच्या ७,२०० किलोमीटरला बरोबर आठ तास लागायला हवेत. मग तिकिटावर नऊ-दहा तास का छापतात? याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण: मधले देश

दोरा ज्या देशांवरून गेला, त्यांच्यावरून विमानाला जाता येतेच असे नाही. आकाशालाही हद्द असते आणि तिची फाटके बंद होतात. पाकिस्तानने आपली हवाई हद्द २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलैपर्यंत बंद ठेवली, तेव्हा भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा पडला. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद झाली. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ ला, युद्ध सुरू झाले त्या दिवशी प्रवासी विमानांना बंद झाले. पश्चिम आशियात तणाव वाढला की इराण-इराकवरची वाटही कधी कधी मिटते.

म्हणजे तिकडे कुठे तोफा वाजल्या, की इकडे आपल्या लेकीचे घर तासाभराने लांब जाते! परराष्ट्र धोरण ही पुरुषांनी कट्ट्यावर बसून चघळायची गोष्ट, असे समजून आपण ते पान उलटतो. पण प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात ते पान जरूर वाचावे. मार्ग बदलला असेल तर विमान कंपनीकडून निरोपही येतो. त्यासाठी तिकीट काढताना दिलेला फोन नंबर आपल्याच हाताशी असलेला हवा, तिकीट काढून देणाऱ्या भाच्याचा नको.

दुसरे कारण: वारा

जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. मुंबईहून लंडनला जाताना हा वारा बहुधा समोरून येतो, परतताना पाठीमागून ढकलतो. म्हणून थेट विमानाला जाताना सुमारे दहा तास लागतात, तर येताना नऊच्या आसपास. नदीत प्रवाहाविरुद्ध आणि प्रवाहाबरोबर होडी वल्हवण्यासारखेच हे. हिवाळ्यात वारा जास्त जोरात असतो, त्यामुळे फरकही वाढतो.

वाऱ्याचा जोर किती असावा? ८-९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री वादळामुळे हा वारा इतका वाढला, की न्यूयॉर्कहून निघालेले एक प्रवासी विमान पाच तासांच्या आत लंडनला पोचले. एरवी त्याला सहा-सात तास लागतात. त्याहून गमतीची गोष्ट दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गाची. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिक महासागरावरून न नेता उलट बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. मार्ग सुमारे चौदाशे किलोमीटरनी लांबला, पण वारा पाठीशी घेतल्याने वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी कमी झाला. अंतर जास्त म्हणजे वेळ जास्त, हा आपला साधा हिशेब आकाशात असा उलटा होऊ शकतो.

तिसरे कारण: जमिनीवरचे चालणे

तिकिटावरचा वेळ विमान हवेत असते तेवढाच नसतो. विमान आपल्या जागेवरून हलले, की तो सुरू होतो आणि उतरल्यावर ठरल्या जागी थांबले, की संपतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत उभे राहणे, हीथ्रोवर उतरायला जागा मिळेपर्यंत वर घिरट्या घालणे, हे सगळे त्यातच. त्यातून कंपन्या थोडी मोकळीकही ठेवतात. त्यामुळे कधी विमान 'वीस मिनिटे लवकर' पोचल्याची घोषणा होते. विमान काही वेगळे उडालेले नसते, हिशेबच सढळ हाताने केलेला असतो.

तिकिटावरचे घड्याळ

पहिल्यांदा जाणाऱ्या बायका सर्वांत जास्त गोंधळतात त्या इथे. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची लंडनची. दोन्हींची सरळ वजाबाकी करायची नाही.

उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. मुंबईहून दुपारी दोनला निघालेले विमान दहा तासांनी पोचते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे बारा वाजलेले असतात, लंडनला संध्याकाळचे साडेसात. तिकिटावर दिसते दोन ते साडेसात. "अय्या, साडेपाच तासांतच पोचलं?" तर तसे नाही. परतताना लंडनहून रात्री दहाला निघालात आणि नऊ तास लागले, तर मुंबईत सकाळचे साडेअकरा वाजतात. तिकिटावरच्या वजाबाकीने हा प्रवास साडेतेरा तासांचा वाटतो!

हिवाळ्यात हा फरक साडेपाच तासांचा होतो, कारण विलायतेत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे करतात. अमेरिकेत हे बदल नोव्हेंबरच्या पहिल्या आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतात. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास असते. आपले घड्याळ मात्र बारमाही एकच. तिकिटावर 'एकूण वेळ' वेगळा छापलेला असतो, तोच खरा धरावा.

थेट जावे की थांबत?

थांब्याचे तिकीट पुष्कळदा स्वस्त असते. घरचे म्हणतात, "वाटेतच तर आहे दुबई, कितीसा फरक पडणार?" अंतरात खरोखरच फरक पडत नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई-लंडन सुमारे ५,५००. बेरीज केली तर थेट मार्गापेक्षा जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटर जास्त. पण वेळ? पहिला टप्पा तीन-सव्वातीन तास, दुसरा सात-साडेसात आणि मध्ये तीन तास थांबा. झाले तेरा-चौदा तास. थांबा लांबला तर अठरा-वीससुद्धा.

यात एकच एक उत्तर बरोबर नाही. गुडघे दुखत असतील, इंग्रजी बोलण्याची सवय नसेल, एकटीनेच जायचे असेल, तर थेट विमानाचे चार पैसे जास्त दिलेले बरे. उलट सलग दहा तास बसणे जमत नसेल, सोबत कुणी असेल, तर मध्ये पाय मोकळे करायला थांबा बराही वाटतो. फक्त थांबा दोन तासांपेक्षा कमी नसावा. दुसरे विमान चुकले तर परक्या गावात एकटीची धावपळ नको. सारा प्रवास एकाच तिकिटावर असला, म्हणजे पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचे चुकले तरी पुढची सोय कंपनीलाच करावी लागते. दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर तो भुर्दंड आपला. व्हीलचेअरची गरज असेल तर तिकीट काढतानाच मागून घ्यावी, त्यात संकोच कसला?

दारापासून दारापर्यंत

आता आपला खरा हिशेब मांडू. समजा, साताऱ्याहून निघायचे आहे. मुंबईच्या विमानतळापर्यंत गाडीने, घाट आणि मुंबईची गर्दी धरून, सहा तास. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचायचे. विमानाचे दहा. उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान यांत दीड. विमानतळावरून लेकीच्या घरी दीड. बेरीज बावीस तास! आणि लेक लंडनच्या आसपास नसून मँचेस्टरला किंवा लीड्सला असेल, तर त्यात आणखी चार-पाच मिळवा.

विमानतळाचे नावही नीट वाचावे. लंडनला हीथ्रोशिवाय गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे आणखी विमानतळ आहेत. आपल्याकडेही नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि गोव्यात दाबोळीच्या जोडीला मोपा आहे. चुकीच्या विमानतळावर जाऊन उभे राहिले, तर तीन तासांची सवडही पुरत नाही.

एवढे ऐकून धास्तावू नका. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, त्या न्यूयॉर्कला पोचल्या जूनमध्ये. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा. एअर इंडियाचे पहिले परदेशी विमान 'मलबार प्रिन्सेस' ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला निघाले, तेही वाटेत कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेले. त्या मानाने आपले बावीस तास सुखाचेच. फक्त ते बावीस आहेत, नऊ नाहीत, हे लक्षात ठेवायचे.

बाळंतपणासाठी कधी निघावे?

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. लेक इकडे येणार असेल तर लवकर ठरवा. गरोदरपणाचे २८ आठवडे झाले की बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांची चिठ्ठी मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर सहसा घेत नाहीत. जुळे असेल तर ही मुदत आणखी अलीकडे येते. तेव्हा सातव्या महिन्याची ओटी भरून मग निघू, हा बेत आधी डॉक्टरांना आणि कंपनीला विचारूनच करावा.

आपण तिकडे जाणार असलो, तर बाळाच्या तारखेच्या दोन-चार दिवस आधीचे तिकीट काढू नये. बाळ तारीख पाहून येत नाही. शिवाय शरीराचे घड्याळ तिथल्या वेळेला जुळायला साधारण दर तासाच्या फरकाला एक दिवस लागतो. म्हणजे लंडनला चार-पाच दिवस, अमेरिकेला आठ-दहा. त्या दिवसांत आपणच पहाटे तीनला टक्क जाग्या आणि संध्याकाळी पेंगुळलेल्या. बाळंतिणीला आधार द्यायचा, तर निदान तीन आठवडे आधी पोचावे. लंडनच्या व्हिसाला अर्जानंतर साधारण तीन आठवडे धरायचे असतात, म्हणून तयारी तीन-चार महिने आधीच सुरू करावी.

प्रवासात दर दीड-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, बसल्या जागी पावले वर-खाली करावीत, पाणी पीत राहावे. चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. ती मुळात कमी असते, पण पूर्वी असा त्रास झालेल्यांनी आणि नुकतेच ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावे. विमानातली हवा महाबळेश्वराहून उंच डोंगरावरच्या हवेइतकी विरळ असते. तेव्हा दमा, हृदयविकार असलेल्यांनीही विचारावे. इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात. जाताना आपला दिवस चार-पाच तासांनी लांबतो, मग डोस कोणत्या घड्याळाने घ्यायचा, हेही डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावे.

जे बोलायला नको वाटते ते

आता एक अवघड गोष्ट. घरात आई-वडील, सासू-सासरे थकलेले असतात. मुलगा-मुलगी म्हणतात, "काही झालं तर मी नऊ तासांत येते." तिच्या मायेत काही खोट नाही, पण हिशेब पाहा. समजा, लंडनला रात्री नऊला फोन गेला. त्या रात्रीचे विमान गाठणे शक्य नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचे मिळाले. ते मुंबईत उतरेल आपल्या रात्री साडेअकराला. साताऱ्याच्या दारात ती पोचेल पहाटे सहाच्या सुमारास. फोन आला तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजला होता. म्हणजे सगळे सुरळीत होऊनही जवळजवळ एकोणतीस तास!

हे माहीत नसले, की घरोघरी तेच घडते. "येईलच आता" म्हणून ऑपरेशनच्या संमतीसाठी फोनची वाट पाहिली जाते. अंत्यदर्शनासाठी थांबायचे की नाही, यावर भावाभावांत शब्दाला शब्द वाढतो. जी उशिरा पोचते, ती आयुष्यभर स्वतःला दोष देत राहते आणि ज्यांनी थांबले नाही, त्यांच्याशी अबोला धरते. दोष कुणाचाच नसतो. नऊ आणि एकोणतीस यांतल्या फरकाचा तो घोळ असतो.

म्हणून सगळे धडधाकट असताना, एखाद्या सुट्टीत लेक आली असताना, शांतपणे बसून बोलून घ्यावे. दवाखान्यात सही कोण करणार, गावातला कोणता नातेवाईक किंवा शेजारी दहा मिनिटांत येऊ शकतो, थांबायचे झाले तर किती वेळ थांबायचे, शीतपेटीची किंवा शवागाराची सोय गावात कुठे आहे. विषय अभद्र वाटतो खरा. पण ज्या घरांत हे बोलणे झालेले असते, तिथे त्या दिवशी निदान भांडण तरी होत नाही. पुष्कळदा थकलेली माणसे स्वतःच म्हणतात, "माझ्यासाठी थांबू नका," किंवा "तिला येऊ द्या." त्यांची इच्छा त्यांच्याच तोंडून कळलेली बरी.

हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा

• आपल्या घरापासून लेकीच्या घरापर्यंतचे एकूण तास, जाण्याचे आणि येण्याचे वेगळे.
• दोन्ही विमानतळांची पूर्ण नावे आणि थेट विमान कोणत्या वारी असते ते.
• घड्याळाचा फरक, उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा.
• सर्वांच्या पासपोर्टची मुदत संपण्याची तारीख. ती वर्षभरावर आली, की नूतनीकरणाला लागावे.
• लेकीने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर तिचे ओसीआय कार्ड चालू आहे ना? नाहीतर विमान असूनही येता येत नाही.
• रात्री-अपरात्री हाक मारता येईल अशा गावातल्या दोन माणसांचे फोन.
• लेकीच्या शेजारणीचा किंवा मैत्रिणीचा फोन. तिला काही झाले तर आपल्यालाही बावीस तास लागणारच आहेत.

हा शेवटचा मुद्दा पुष्कळ आया विसरतात. आपल्याकडे तिने कसे आणि केव्हा यायचे, याचाच विचार होतो. पण तिच्या परक्या गावात दहा मिनिटांत तिच्या दाराशी येईल असे कोण आहे, हेही लेकीला विचारून घ्या. ते नाव आणि तो नंबर मिळाला, की आपल्यालाही रात्री जरा निवांत झोप लागते.